टर्किश, टेरी, टॉवेल: एका लेबलावरचे तीन शब्द

प्रश्न असा आहे: सोलापूरच्या मालावर कुठे ‘टर्किश टॉवेल’ छापलेलं असतं, कुठे ‘टेरी टॉवेल’, तर कुठे नुसतंच ‘टॉवेल’. हे तीन वेगळे प्रकार आहेत का? मुळात ‘टॉवेल’ हा शब्द इंग्रजांचा स्वतःचा, की आपल्याकडच्या ‘तौलिया’वरून त्यांनी उचललेला? आणि नवीन लेबल छापायचं तर त्यावर नेमकं काय लिहावं?

आधी थोडक्यात सांगतो. ‘टॉवेल’ हा शब्द ते कापड कशासाठी आहे ते सांगतो. ‘टेरी’ ते कसं विणलंय ते सांगतो. ‘टर्किश’ हा शब्द ही वीण इंग्रजांनी पहिल्यांदा कुठे पाहिली ते सांगतो. एकाच कापडाला तिन्ही शब्द लागू पडतात, पण तिघांचा अर्थ एक नाही. आणि तौलिया-टॉवेल यांच्यात कुणीच कुणाकडून उचललेलं नाही. ती एकाच पणजीची पतवंडं आहेत, दोन वेगळ्या गलबतांतून आपल्याकडे उतरलेली.

आता सविस्तर. ‘टॉवेल’ इंग्रजीत तेराव्या शतकापासून सापडतो, तेव्हाचं रूप साधारण ‘तोवाय्य’ असं. तो आला जुन्या फ्रेंचमधून. पण फ्रेंचांचाही तो घरचा नव्हे. फ्रेंच भाषा लॅटिनच्या कुळातली, आणि लॅटिनमध्ये या शब्दाचं मूळ सापडत नाही. ते सापडतं फ्रँक लोकांच्या भाषेत. आजचा फ्रान्स ज्यांच्या नावाने ओळखला जातो ते फ्रँक जर्मानिक कुळातले. त्या कुळात ‘थ्वाहन्’ असा धातू होता, अर्थ ‘धुणे’. त्यावरून ‘थ्वाहलिया’ हे नाम, म्हणजे धुण्याशी संबंधित कापड. अंग पुसण्याचं नव्हे, धुण्याचं. हा बारीक फरक लक्षात ठेवा, पुढे त्याचा उपयोग आहे.

या धातूची बाकीची पिल्लं पाहिली की मूळ पक्कं होतं. स्वीडिशमध्ये साबणाला ‘त्वोल’ म्हणतात, तो याच धातूचा. डच भाषेत फरशी पुसायच्या फडक्याला ‘ड्वाइल’ म्हणतात, तोही इथलाच. जर्मनीच्या काही भागांत हात पुसायच्या किंवा टेबलावरच्या कापडाला ‘त्स्वेले’ असा जुना शब्द आहे. म्हणजे त्याच मुळातून एकीकडे साबण निघाला, दुसरीकडे फरशीचं फडकं, तिसरीकडे टॉवेल. या सगळ्यांना जोडणारं एकच काम आहे, धुणं.

गंमत म्हणजे जुन्या इंग्रजीकडेही हा धातू होता. ‘थ्वेआन्’ म्हणजे धुणे, ‘थ्वेआल’ म्हणजे धुण्याची क्रिया. पण ‘वॉश’ या शब्दापुढे तो टिकला नाही. घरचा शब्द गेला आणि त्याचाच चुलतभाऊ फ्रेंच कपडे घालून परत घरात आला. इंग्रजीत असे शब्द बरेच आहेत, कारण 1066 मध्ये नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकलं आणि पुढची काही शतकं राज्य करणाऱ्यांची भाषा फ्रेंच राहिली.

इथे एक चुकीची व्युत्पत्ती फार पसरलेली आहे. इंग्रजीत ‘टो’ असा शब्द आहे, अर्थ जवसाच्या झाडाचे आखूड, जाडेभरडे तंतू. जुने टॉवेल जवसाच्या धाग्याचेच, म्हणजे लिननचे असायचे. तेव्हा ‘टो’वरून ‘टॉवेल’ आला असेल असं वाटणं साहजिक आहे. पण तो आलेला नाही. गाडी ओढून नेण्याच्या ‘टोइंग’शीही संबंध नाही. हे कसं ओळखायचं? शब्दाचं आजचं स्पेलिंग बघायचं नाही, सगळ्यात जुनं बघायचं. जुन्या रूपांत शेवटी ‘-आय्य’ असा लांब भाग आहे, तो ‘टो’मधून निघू शकत नाही. मग शेजारच्या भाषा बघायच्या. इटालियनमध्ये ‘तोवालिया’, स्पॅनिशमध्ये ‘तोआया’, पोर्तुगीजमध्ये ‘तोआल्या’. इंग्लंडमधल्या जवसाच्या तंतूवरून इटलीतला शब्द तयार होणार नाही. कुठल्याही शब्दाचं मूळ शोधताना एवढ्या दोन चाळण्या लावल्या तरी निम्म्या दंतकथा गळून पडतात.

इटालियन ‘तोवालिया’चा अर्थ मात्र टॉवेल नाही, टेबलावर अंथरायचं कापड आहे. धुण्याचं कापड टेबलावर कसं गेलं? युरोपात मेजवानीआधी आणि नंतर हात धुवायची पद्धत होती, आणि हात टिपायचं लांब कापड टेबलापाशीच असे. चर्चमध्ये वेदीवर अंथरायच्या कापडालाही हेच नाव होतं. एकाच कापडाची ही तीन कामं हळूहळू सुटी झाली. प्रत्येक भाषेने त्यातलं एक धरलं आणि बाकीची सोडली. फ्रेंचांनी तर शब्दच जवळजवळ टाकून दिला. ते आज टॉवेलला ‘सेर्व्हिएत’ म्हणतात.

आता तौलिया. सोलापूरकराला हा धागा इतरांपेक्षा लवकर पटेल, कारण इथे एका पेठेत चार भाषा कानावर पडतात. मराठीत ‘टॉवेल’ किंवा बोलताना ‘टावेल’. उर्दू-हिंदीत ‘तौलिया’. शहराच्या पूर्व भागातल्या पद्मशाली विणकरांच्या घरांतल्या तेलुगूत ‘तुव्वालु’. गोव्याकडच्या कोकणीत ‘तुवालो’, गुजरातीत ‘टुवाल’. यातले तुव्वालु, तुवालो, टुवाल आणि तौलिया हे पोर्तुगीज ‘तोआल्या’चे वंशज आहेत. पोर्तुगीज 1498 मध्ये कालिकतला उतरले, 1510 मध्ये त्यांनी गोवा घेतलं, आणि त्यांच्यासोबत घरगुती वस्तूंचे बरेच शब्द किनाऱ्यावरून आत शिरले. मराठीतले बादली, घमेलं, चावी, फीत, बटाटा हे त्याच वाटेचे. ‘टॉवेल’ आला तो पुढे इंग्रजांबरोबर. म्हणजे एका जर्मानिक धातूचे दोन फाटे, एक लिस्बनहून आणि एक लंडनहून, सोलापूरच्या एकाच मागावर येऊन भेटले. विणकर घरात ‘तुव्वालु’ म्हणतो आणि बिलावर ‘टॉवेल’ लिहितो, तेव्हा तो एकच शब्द दोनदा वापरत असतो.

यावर एक ढोबळ कसोटी सांगितली जाते: पोर्तुगीजांचा ‘त’ दंत्य, म्हणजे जीभ दातांना टेकवून उच्चारलेला, म्हणून त्यांच्याकडून आलेल्या शब्दात आपण ‘त’ म्हणतो. इंग्रजांचा उच्चार आपल्या कानाला ‘ट’ लागतो, म्हणून टेबल, टॉवर, टॉवेल. कसोटी उपयोगी आहे, पण तिच्यावर सगळा भार टाकू नका. पोर्तुगीज ‘बताता’चा आपण बटाटा केला आणि इंग्रजी ‘टिकेट’चं तिकीट केलं. गुजराती ‘टुवाल’ही त्या नियमाला जुमानत नाही. आवाज फक्त दिशा दाखवतो. खरा निकाल लागतो तो शब्दाच्या पूर्ण बांध्यावरून आणि तो कुठल्या भागात आधी रुजला यावरून.

मराठी रूपाबद्दल दोन शब्द, कारण ‘टॉवेल बरोबर की टॉवल’ हे लेबल छापणारे नेहमी विचारतात. इंग्रजी उच्चार ‘टाउअल’च्या जवळचा आहे. पण मराठीने असे शब्द एका ठरावीक साच्यात बसवलेत: पॉवर, टॉवर, शॉवर, फ्लॉवर. सगळीकडे मूळचा ‘आउ’ आपण ‘ऑ’ केला आणि पुढे ‘व’ ठेवला. टॉवेल त्याच रांगेतला. शेवटचा ‘वेल’ आला तो स्पेलिंगमधून, हॉटेल आणि पॅनेलसारखा. तेव्हा ‘टॉवेल’ हेच रुळलेलं मराठी रूप आहे, बिनदिक्कत छापा. लिंग पुल्लिंगी: तो टॉवेल, ते टॉवेल. रुमाल आणि पंचा हे आपले पुसायचे कपडे आधीपासून पुल्लिंगी होतेच, त्यांच्या ओळीत तो सहज बसला.

त्या जुन्या शब्दांकडेही बघा. रुमाल फारसी आहे: ‘रू’ म्हणजे चेहरा, ‘माल’ म्हणजे पुसणारा. अंगोछा संस्कृताच्या घरचा, ‘अंग’ आणि पुसण्याचा धातू मिळून झालेला. पंचा हा पाच हात लांबीवरून पडलेला शब्द. म्हणजे एकाचं नाव चेहऱ्यावरून, एकाचं अंगावरून, एकाचं मापावरून. पुसणं हे रुमालाच्या आणि अंगोछ्याच्या नावातच आहे. टॉवेलच्या नावात पुसणं नाही, धुणं आहे. मघाशी लक्षात ठेवायला सांगितलं ते यासाठी.

याहून महत्त्वाची गोष्ट: 1850 च्या आधीच्या इंग्रजी मजकुरात ‘टॉवेल’ आला तर डोळ्यांसमोर सोलापुरी टॉवेल आणू नका. तो सपाट कापडाचा तुकडा असायचा, बहुधा लिननचा, आपल्या पंचाच्या जवळचा. बायबलमध्ये योहानाच्या शुभवर्तमानाच्या 13 व्या अध्यायात येशू शिष्यांचे पाय धुतो आणि कमरेला बांधलेल्या कापडाने पुसतो. 1611 च्या इंग्रजी भाषांतरात तिथे ‘टॉवेल’ आहे. मूळ ग्रीक शब्द ‘लेंतिऑन’, जो लॅटिनमधून आला आणि ज्याचा अर्थ लिननचं कापड. शब्द तोच राहिला, कापड मात्र एकोणिसाव्या शतकात पार बदललं.

ते बदललं तुर्कस्तानामुळे. तिथल्या हमामांत, म्हणजे सार्वजनिक स्नानगृहांत वापरायला अंगावर धाग्याची वेटोळी असलेलं कापड हातमागावर विणलं जात होतं, त्यासाठी बुर्सा शहर नावाजलेलं. इंग्लंडमधल्या क्रिस्टी या कापड-उद्योगातल्या घराण्याच्या हेन्री क्रिस्टी यांनी त्याचा नमुना मायदेशी आणला. त्यांच्या कारखान्यातल्या सॅम्युएल होल्ट यांनी ही वीण यंत्रावर बसवली, आणि 1851 च्या लंडनच्या महाप्रदर्शनात ते टॉवेल मांडले गेले. नाव पडलं ‘टर्किश टॉवेल’. तुर्क स्वतः त्याला ‘हावलू’ म्हणतात. ‘हाव’ म्हणजे कापडावरची लव, ‘हावलू’ म्हणजे लव असलेलं. ज्यांनी विणलं त्यांनी नाव विणीवरून ठेवलं. ज्यांनी पाहिलं त्यांनी देशावरून ठेवलं. फ्रेंचांनी त्यालाच ‘स्पंजाचं कापड’ म्हटलं आणि जर्मनांनी फ्रेंचमधल्या ‘घासणे’ या क्रियापदावरून ‘फ्रोटे’.

म्हणून ‘टर्किश’ छापलेलं दिसलं तर तो माल तुर्कस्तानचा आहे किंवा तिथल्या कापसाचा आहे असा अर्थ आपल्याकडे होत नाही. जुन्या दुकानांत हा शब्द फक्त ‘लूपचा’, म्हणजे वेटोळ्यांचा टॉवेल एवढ्याच अर्थाने चालत आला. सोलापूरच्या कापडबाजारात, चाटी गल्लीत तो समजेल. परदेशी गिऱ्हाईक मात्र तो शब्दशः घेईल, कारण तुर्की कापसाचे टॉवेल हा तिकडे वेगळा, महाग माल आहे. त्यातही अलीकडे ‘टर्किश टॉवेल’ म्हणून तिकडे पातळ, सपाट, गोंडे लावलेलं ‘पेश्तेमाल’ विकलं जातं, ज्यावर लूप बहुतेक नसतोच. म्हणजे शब्द एकच आणि वस्तू अगदी उलटी. निर्यातीच्या लेबलावरून ‘टर्किश’ काढून टाकावा असं माझं स्पष्ट मत आहे.

आता ‘टेरी’. हा कुणा टेरी नावाच्या माणसाने शोध लावला म्हणून पडलेला शब्द नाही. ‘टर्किश’चा अपभ्रंशही नाही. ते तारखेवरूनच ठरतं: मखमलीच्या न कापलेल्या वेटोळ्यांसाठी ‘टेरी’ हा शब्द इंग्रजीत अठराव्या शतकाच्या अखेरीस आहे, म्हणजे टर्किश टॉवेल इंग्लंडात पोचायच्या अर्ध्या शतकाहून अधिक आधी. बहुधा तो फ्रेंच ‘तिरे’ म्हणजे ‘ओढलेलं’ या शब्दावरून आला असावा. क्रियापद ‘तिरेर’, ओढणे. आपण रोज वापरतो तो ‘रिटायर’ याच क्रियापदातून आला: मागे ओढून घेणे. जर्मनमध्येही तशा मखमलीला ‘ओढलेली मखमल’ म्हणत, त्यामुळे ही व्युत्पत्ती जास्त पटते. मखमलीत धाग्याखाली तार सरकवून ती काढून घेत आणि वेटोळं उभं राही, तिथे ‘ओढणं’ अगदी बरोबर आहे.

टॉवेलच्या मागावर मात्र लूप ओढून तयार होत नाही, ढकलून होतो. ते एकदा नीट समजून घेतलं की टॉवेलचे निम्मे दोष कुठून येतात ते आपोआप कळतं.

टेरीच्या मागावर दोन बीम असतात, म्हणजे उभे धागे (ताणा) गुंडाळलेले दोन रूळ. खालच्या बीमवरचा ताणा म्हणजे ग्राउंड, तो कापडाची जमीन धरतो आणि चांगला ताणलेला असतो. वरच्या बीमवरचा ताणा म्हणजे पाइल, तो ढिला सोडलेला असतो. साधा माग असता तर प्रत्येक आडवा धागा टाकला की फणी त्याला थेट कापडाच्या काठाला नेऊन ठोकते. टेरीत तसं होत नाही. पहिला आणि दुसरा आडवा धागा टाकल्यावर फणी काठापासून थोडी अलीकडेच थांबते, समजा 10 मिलिमीटर. तिसरा धागा टाकला की फणी पूर्ण पुढे येते आणि तिन्ही धाग्यांना एकत्र ढकलत नेते. ताणलेल्या ग्राउंडवरून हे तिघं रुळावरून सरकावं तसे सरकतात. पण ढिल्या पाइलला त्यांनी पकडून धरलेलं असतं, त्यामुळे मधला 10 मिलिमीटरचा पाइलचा तुकडा दुमडून वर किंवा खाली उभा राहतो. तोच लूप. दुमडलेला असल्याने त्याची उंची 5 मिलिमीटरच्या आतच भरते. तीन आडव्या धाग्यांमागे लूपची एक ओळ, म्हणून याला तीन पिकची टेरी म्हणतात (पिक म्हणजे आडवा धागा). लूप लांब हवा तर फणी थांबण्याचं अंतर वाढवायचं, आखूड हवा तर कमी करायचं. एक मीटर टॉवेल विणायला पाइलचा धागा साधारण 3 ते 5 मीटर लागतो, ग्राउंडचा एका मीटरपेक्षा जरासाच जास्त. पाइल बीम आधी संपतो तो यामुळे.

काठाच्या जवळची सपाट पट्टी, जिच्यावर नक्षी किंवा नाव असतं, ती याच मागावर निघते. तेवढ्या भागात फणी प्रत्येक धागा पूर्ण ठोकते, अंतर सोडत नाही, म्हणून लूप उठत नाही.

बिघाड असे होतात. पाइल बीमचा ताण जास्त झाला तर पाइल दुमडत नाही, लूप बसके राहतात आणि डझनाचं वजन कमी भरतं. वजन कमी आलं की सूत चोरलं असा संशय घेण्याआधी पाइल बीमचा ब्रेक तपासावा. उलट ग्राउंड ढिला पडला तर धागे त्याच्यावरून सरकण्याऐवजी त्यालाच बरोबर नेतात, कापड चुण्या धरतं आणि लूप कुठे लांब, कुठे आखूड येतात. एखादा आडवा धागा तुटून राहिला तर लूपची अख्खी ओळ धरली जात नाही, तिथे एक आडवी बोडकी रेघ दिसते. आडवे धागे विरळ टाकले, म्हणजे इंचाला पिक कमी ठेवून सूत वाचवलं, तर माल मागावरून उतरताना छान दिसतो पण लूपची पकड सैल असते. दोन धुण्यांत लूप बाहेर यायला लागतात. सोलापूरच्या मालाचं नाव खराब होतं ते बहुतेक या शेवटच्या काटकसरीने, आणि ती काटकसर कुणीही करू नये.

लूप अडकून बाहेर आला तर काय करायचं? इथे ‘तिरे’चा अर्थ हाताला कळतो. पाइलचा धागा टॉवेलभर अखंड असतो. एक लूप ओढला की त्याची लांबी शेजारच्या लुपातून येते, तो आखूड होतो, आणखी ओढलं तर त्याच्या पलीकडचा. पाहता पाहता एक सरळ रेघ मोकळी होते. म्हणून बाहेर आलेला लूप कधी ओढायचा नाही. कापडाच्या बरोबरीने कात्रीने कापून टाकायचा. वीण घट्ट असेल तर कापलेली दोन टोकं तिथेच राहतात, धागा सुटत नाही.

पाणी टिपण्याचं सगळं श्रेय या वेटोळ्यांना आहे. सपाट कापडापेक्षा त्यात सुताचा पृष्ठभाग कितीतरी पट जास्त उघडा पडतो, आणि पाइलच्या धाग्याला पीळ कमी दिलेला असल्याने तंतूंमधल्या फटींत पाणी चढतं. तरीही नवा टॉवेल पाणी टिपत नाही ही तक्रार येते. कारण बहुधा विणीत नसतं, वर असतं. सायझिंगची, म्हणजे विणण्याआधी ताण्याला दिलेली खळ नीट निघालेली नसते, किंवा हाताला मऊ लागावा म्हणून सॉफ्टनर दिलेला असतो. सॉफ्टनर सुतावर तेलकट पापुद्रा धरतो आणि पाणी त्यावरून घसरतं. वापरण्याआधी दोन-तीनदा कोमट पाण्यात, थोड्या साबणाने धुवा, आणि घरी सॉफ्टनर घालू नका. गडद रंगाचा टॉवेल पहिल्या दोन वेळा वेगळा धुवा. दुकानात तपासायचं तर चिंधीभर नमुना पाण्यावर अलगद ठेवून बघा: काही सेकंदांत भिजून बुडाला तर ठीक, तरंगत राहिला तर खळ किंवा सॉफ्टनर बाकी आहे. एका बाजूचे लूप कातरून मखमलीसारखी केलेली बाजू, जिला वेलूर म्हणतात, दिसायला आणि हाताला सुंदर असते, पण अंग टिपायला लुपाची बाजूच वापरावी.

इंग्रजीत टॉवेल शब्दाचे वापर बरेच आहेत, त्यातले दोन-तीन नीट माहीत असलेले बरे. ‘थ्रो इन द टॉवेल’ म्हणजे हार मानणे. तो मुष्टियुद्धातून आला. खेळाडूला आता झेपत नाही असं दिसलं की त्याचा मदतनीस रिंगणात टॉवेल टाकतो, लढत थांबते. त्याआधी याच अर्थाने ‘स्पंज वर टाकणे’ म्हणत. याचं शब्दशः मराठी करू नका. आपल्याकडे एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकला तर जागा धरली असा अर्थ होतो, हार मानण्याच्या अगदी उलट. ‘हार मानली’, ‘माघार घेतली’, ‘हात टेकले’ हे सरळ शब्द आहेत.

निर्यात करणाऱ्याला त्याहून जास्त त्रास देतो तो ‘नॅपकिन’. फ्रेंच ‘नाप’ म्हणजे टेबलाचं कापड, त्याला लहानपणा दाखवणारा ‘किन’ जोडला. ‘नाप’ आला लॅटिन ‘माप्पा’वरून, ज्याचा दुसरा नातू म्हणजे ‘मॅप’, नकाशा, कारण जुने नकाशे कापडावर असत. आपल्याकडे नॅपकिन म्हणजे हात-तोंड पुसायचा छोटा लूपचा टॉवेल. अमेरिकन ऐकतो तेव्हा त्याच्या डोळ्यांसमोर जेवणाच्या टेबलावरचं कापड किंवा कागद येतो. ब्रिटनमध्ये याच शब्दावरून ‘नॅपी’ झालं, म्हणजे बाळाचं लंगोट. ब्रिटिश इंग्रजीत ‘सॅनिटरी टॉवेल’ म्हणतात तेच आपण ‘सॅनिटरी नॅपकिन’ म्हणतो. तेव्हा परदेशी ऑर्डरवर नुसतं ‘नॅपकिन’ लिहिलेलं असेल तर माल टाकण्याआधी माप विचारून घ्या. साधारण 30 बाय 30 सेंटिमीटरचा चौकोन असेल तर अमेरिकेत तो ‘वॉशक्लॉथ’ आणि ब्रिटनमध्ये ‘फेस क्लॉथ’ किंवा ‘फ्लॅनेल’. 50 बाय 100 च्या आसपासचा ‘हँड टॉवेल’. 70 बाय 140 किंवा 75 बाय 150 चा ‘बाथ टॉवेल’. त्याहून मोठा, 100 बाय 150 किंवा अधिक, ‘बाथ शीट’. ‘टी टॉवेल’ म्हणजे भांडी पुसायचं सपाट कापड, त्यावर लूप धरू नका.

आता लेबल. सोलापुरी चादरीप्रमाणेच सोलापूरच्या टॉवेललाही भौगोलिक मानांकन मिळालेलं आहे, आणि नोंदणीत नाव ‘सोलापूर टेरी टॉवेल’ असं आहे. ‘टर्किश’ नाही. विणीचा शब्द तिथे अधिकृत झालेला आहे, तोच वापरावा. मानांकनाचं नाव आणि चिन्ह मात्र अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंद असलेल्यानेच छापायचं असतं.

गिऱ्हाइकाला खरी माहिती मिळते ती नावानंतरच्या ओळीतून, आणि नेमकी तीच ओळ बहुतेक लेबलांवर नसते. टॉवेलचा जाडपणा चौरस मीटरला किती ग्रॅम यावर मोजतात, त्याला बाजारात जीएसएम म्हणतात. 75 बाय 150 सेंटिमीटरचा टॉवेल म्हणजे 1.125 चौरस मीटर. त्याचं वजन 450 ग्रॅम भरलं तर जीएसएम 400, आणि डझनाचं वजन 5.4 किलो. 300 च्या आसपासचा टॉवेल हलका, लवकर वाळणारा, प्रवासाला आणि पावसाळ्याला चांगला. 400 ते 500 घरच्या रोजच्या वापराला. 600 च्या वरचा हॉटेलसारखा जाड, पण दमट हवेत वाळायला वेळ घेतो आणि त्याला वास धरतो. नुसतं ‘भारी टॉवेल’ किंवा ‘सुपर क्वालिटी’ लिहून यातलं काहीच कळत नाही. लेबल असं असावं: ‘सोलापूर टेरी टॉवेल. 100 टक्के सुती. 75 बाय 150 सेंमी. वजन 450 ग्रॅम, 400 जीएसएम. पहिल्या दोन वेळा वेगळा धुवा. बाहेर आलेला लूप ओढू नका, कापा.’